पदरावरची पदके : सोलापूर परिसरातील ज्येष्ठ माजी महिला सैनिकांची व्यक्तिचित्रे कशी टिपावीत

सैन्यातून निवृत्त झालेल्या पुरुषाचे छायाचित्र कसे दिसावे, याचा ठसा आपल्या सर्वांच्या मनात पक्का आहे: ताठ मान, भरघोस मिशी, छातीवर पदके आणि मागे तिरंगा. सैन्यातून निवृत्त झालेल्या स्त्रीच्या छायाचित्राचा असा कोणताच ठसा नसल्यामुळे छायाचित्रकार एकतर पुरुषाचाच साचा तिच्यावर चढवतो, नाहीतर शाल-श्रीफळ हाती देऊन तिची सत्कारमूर्ती करून टाकतो. दोन्ही प्रकारांत तिने तीस वर्षे नेमके काय काम केले, हे चित्रात येतच नाही. सोलापूर शहरात किंवा जिल्ह्यात अशा स्त्रियांच्या व्यक्तिचित्रांची मालिका करू इच्छिणाऱ्या हौशी छायाचित्रकारांसाठी, स्टुडिओचालकांसाठी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. चित्रातली स्त्री कोणा सैनिकाची पत्नी किंवा आई म्हणून बसलेली नसून स्वतः सैनिक म्हणून बसलेली आहे, हे पाहणाऱ्याला मजकूर वाचण्यापूर्वीच कळले पाहिजे, आणि पुढच्या सगळ्या सूचना या एका कसोटीवर दिलेल्या आहेत.

कोणाला शोधायचे आहे, हे आधी समजून घ्यावे

‘महिला सैनिक’ म्हटले की आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे ऑलिव्ह ग्रीन गणवेशातली तरुण अधिकारी येते. परंतु वैद्यकीय सेवा सोडून सैन्याच्या इतर शाखांमध्ये स्त्रियांना अधिकारी म्हणून प्रवेश मिळू लागला तो १९९२ च्या विशेष प्रवेश योजनेपासून, आणि त्या योजनेची पहिली तुकडी चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतून १९९३ मध्ये बाहेर पडली. त्या तुकडीतल्या स्त्रिया आज पन्नाशीत आहेत. लष्करी पोलिसांच्या कोअरमध्ये जवान म्हणून भरती झालेल्या पहिल्या मुलींचे प्रशिक्षण तर २०२१ मध्ये पूर्ण झाले. म्हणजे सत्तरी ओलांडलेली माजी महिला सैनिक शोधायची असेल, तर ती जवळजवळ निश्चितपणे लष्करी परिचर्या सेवेतली, म्हणजे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधली अधिकारी असेल किंवा आर्मी मेडिकल कोअरमधली डॉक्टर असेल.

या परिचर्या सेवेचा इतिहास मालिकेच्या प्रस्तावनेसाठी उपयोगी पडतो. लष्करी रुग्णालयांतील शुश्रूषेची घडी बसवण्यासाठी १८८८ च्या मार्चमध्ये दहा प्रशिक्षित परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या, १ ऑक्टोबर १९२६ रोजी भारतीय लष्करी परिचर्या सेवा उभी राहिली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, तिला कायद्याने सैन्यदलाचा भाग म्हणून स्थान मिळाले. या सेवेतली परिचारिका लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर अशा हुद्द्यांनीच ओळखली जाते, हे अनेकांना ठाऊक नसते, आणि वॉर्डात सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणत असल्यामुळे खुद्द तिच्या शेजाऱ्यांनाही ती कधीकाळी मेजर होती, याचा पत्ता नसतो. महिला डॉक्टरांना १९५८ पासून पुरुषांच्या बरोबरीने नियमित कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून कायम नेमणूक, मिळू लागले, आणि २००४ मध्ये लेफ्टनंट जनरल झालेल्या पहिल्या महिला पुनिता अरोरा यासुद्धा पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयातूनच पुढे आलेल्या डॉक्टर होत्या.

हिशेब साधा आहे. १९७१ च्या युद्धाच्या वेळी बावीस-तेवीस वर्षांची असलेली परिचारिका आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे, आणि १९६५ च्या युद्धात सेवा केलेली तर ऐंशीच्या पलीकडे. त्यामुळे यादी वयाने उतरत्या क्रमाने करावी आणि सर्वांत ज्येष्ठ स्त्रीपासून काम सुरू करावे.

शोध कुठे घ्यावा

पहिला दरवाजा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाची अशी कार्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत आणि माजी सैनिकांची नोंदणी, ओळखपत्रे, कल्याणकारी योजना ही कामे तिथे चालतात. आपल्याला पत्ते किंवा फोन क्रमांक मिळावेत, अशी अपेक्षा ठेवू नये. ती खासगी माहिती आहे आणि ती न देणेच योग्य. त्याऐवजी प्रकल्पाची माहिती देणारे एक पानी पत्र, आपला फोन क्रमांक आणि आधी काढलेल्या दोन-तीन व्यक्तिचित्रांच्या छापील प्रती कार्यालयात द्याव्यात आणि हे पत्र संबंधित महिलांपर्यंत पोचवण्याची विनंती करावी. ज्यांना रस असेल, त्या स्वतः फोन करतील.

पत्र लिहिताना ‘स्वतः सैन्यात सेवा केलेल्या महिला’ असे स्वच्छ लिहावे. नुसते ‘महिलांची छायाचित्रे’ लिहिले, की समोरची व्यक्ती वीरपत्नी आणि वीरमातांची यादी काढते. त्या स्त्रियांचे स्थान मोठेच आहे, पण तो वेगळा प्रकल्प आहे आणि दोन्ही एकत्र केल्यास स्वतः सेवा केलेल्या स्त्रीची ओळख त्यात पुन्हा बुजून जाते.

केवळ निवृत्तिवेतनधारकांच्या याद्यांवर विसंबूनही चालत नाही. अल्पमुदतीच्या कमिशनवर पाच-दहा वर्षे सेवा करून बाहेर पडलेल्या अधिकाऱ्यांना निवृत्तिवेतन नसते, त्यामुळे त्या अशा याद्यांमध्ये सापडत नाहीत. दुसरे कारण अधिक कटू आहे. लष्करी परिचर्या सेवेतल्या स्त्रीने लग्न केले, तर तिला सेवेतून मुक्त करण्याची तरतूद १९७७ च्या एका सैनिकी आदेशात होती आणि तो आदेश १९९५ मध्ये मागे घेतला गेला. लग्नामुळे १९८८ मध्ये सेवा गमावलेल्या एका अधिकारी महिलेला साठ लाख रुपये भरपाई देण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या फेब्रुवारीत दिला. अशा स्त्रिया आपल्या शहरातही असू शकतात. विचारल्यावर त्या ‘मी काही रिटायर झालेली नाही, मला सोडावे लागले’ असे सांगून विषय बंद करण्याची शक्यता अधिक. मालिकेत त्यांना आवर्जून जागा द्यावी, कारण सेवेची वर्षे कमी भरण्याला त्या जबाबदार नव्हत्या.

याशिवाय शहरातील जुन्या परिचर्या प्रशिक्षण संस्थांच्या माजी विद्यार्थिनी, सिव्हिल हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या परिचारिका, चर्चच्या मंडळ्या आणि माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, म्हणजे ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये औषधांसाठी येणारी मंडळी, यांच्याकडून तोंडी माहिती चांगली मिळते. बार्शी, पंढरपूर, सांगोला, अक्कलकोट अशा तालुक्यांत गावच्या माजी सैनिक संघटनेच्या अध्यक्षांना विचारावे. मात्र ‘आमच्यात बाया नाहीत’ हे त्यांचे पहिले उत्तर शेवटचे मानू नये.

पहिली भेट कॅमेऱ्याविना

कॅमेरा घरी ठेवून जावे. फोन करून वेळ ठरवताना त्या भागात पाणी कोणत्या दिवशी येते, हे विचारून घ्यावे. सोलापुरात नळाला पाणी येण्याच्या दिवशी घरातली कोणतीही बाई, मग ती माजी कर्नल असली तरी, पिंप आणि टाकी सोडून आपल्यापुढे बसणार नाही.

संबोधनाची सुरुवात हुद्द्याने करावी: ‘मेजर मॅडम’ किंवा नुसते ‘मॅडम’. पुढे त्या स्वतः ‘ताई म्हण’ किंवा ‘मावशी म्हण’ असे सांगतील, तेव्हा तसे म्हणावे. आपणहून ‘आजी’ म्हणू नये. वयाने आजी असलेल्या स्त्रीला तिच्या सेवेबद्दल विचारायला आलो आहोत, आणि पहिल्याच शब्दात तिला घरातल्या नात्यात बसवले, तर पुढचे सगळे बोलणे नातवंडांभोवतीच फिरते. तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलणाऱ्या घरात जाताना ती भाषा येणारा सहकारी सोबत असावा. वीस-पंचवीस वर्षे छावण्यांमध्ये काढलेल्या या स्त्रिया हिंदी सहज बोलतात, पण जुन्या आठवणी मातृभाषेत अधिक मोकळेपणाने येतात.

आणखी एक अडचण जवळजवळ ठरलेली आहे. प्रश्न तिला विचारलेला असतो आणि उत्तर मुलगा किंवा सून देते. अशा वेळी वाद न घालता प्रश्नच असा विचारावा, की ज्याचे उत्तर घरातल्या दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. पहिले पोस्टिंग कुठे मिळाले आणि तिथे जाताना ट्रंकेत काय काय होते? नाइट ड्युटीला वॉर्डात किती खाटा असत? मॅट्रन कोणत्या गोष्टीवरून रागवत? जखमी जवानांची गाडी आल्यावर आधी कोणते काम हातात घ्यायचे? कोणत्या रुग्णालयात सर्वाधिक काळ गेला: पुण्याचे कमांड हॉस्पिटल, खडकीचे एमएच (मिलिटरी हॉस्पिटल), दिल्लीचे बेस हॉस्पिटल, की सीमेजवळचे एखादे? या उत्तरांमधूनच छायाचित्राचा विषय सापडतो. एखादी स्त्री बोलताना नकळत बोटांनी नाडी धरून दाखवते, दुसरी रिकाम्या हवेत पट्टी गुंडाळते. हे हात लक्षात ठेवावेत, कारण चित्रीकरणाच्या दिवशी ते पुन्हा मागायचे आहेत. युद्धकाळातल्या मृत्यूंबद्दल मात्र आपणहून खोदून विचारू नये. त्यांनी विषय काढला, तर ऐकावे आणि वहीत लिहिणे थांबवावे.

संमतीपत्राची चर्चा याच भेटीत करावी, पण सही पुढच्या भेटीत घ्यावी, म्हणजे घरच्यांशी बोलायला वेळ मिळतो. संमतीपत्र त्यांना वाचता येईल त्या भाषेत, मोठ्या अक्षरांत आणि एका पानात असावे. छायाचित्रे कुठे वापरली जातील (प्रदर्शन, पुस्तिका, समाजमाध्यमे), कोणता मजकूर सोबत जाईल, त्यांना कोणत्या प्रती मिळतील आणि नंतर मन बदलले तर चित्र कसे मागे घेता येईल, या चार गोष्टी त्यात हव्यातच. स्मृती क्षीण झालेल्या स्त्रीच्या बाबतीत केवळ मुलाची सही पुरेशी मानू नये. त्या दिवशी, त्या वेळी तिला स्वतःला चित्र काढून घ्यायचे आहे का, हेही पाहावे. कोणी पैसे देऊन हे काम आपल्याकडून करून घेत असेल, तर स्वामित्वहक्काचा मुद्दा आधीच लेखी ठरवून घ्यावा, कारण १९५७ च्या कायद्यानुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, काम सांगणाऱ्याकडे जातो.

पदके, पदर आणि गणवेश

या मालिकेत सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडे विस्ताराने.

पदके धारण करणाऱ्याच्या डाव्या छातीवर लावतात. दिवंगत सैनिकाची पदके त्याच्या नातलगाने मानाने लावायची असतील, तर ती उजव्या बाजूला लावण्याचा प्रघात आहे. आपल्या मालिकेच्या दृष्टीने या डाव्या-उजव्यातच सगळा अर्थ आहे: डावीकडची पदके म्हणजे तिची स्वतःची, उजवीकडची म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेले चित्र काही वेळा आरशासारखे उलटे साठवले जाते, आणि पुस्तिकेची मांडणी करणारा ‘चेहरा पानाच्या आत बघायला हवा’ म्हणून चित्र बिनदिक्कत फिरवतो. दोन्ही प्रकारांत मेजर बाईंची पदके उजवीकडे जातात आणि जाणकार पाहणाऱ्याच्या लेखी त्या स्वतःच्याच सेवेच्या वारसदार ठरतात. छपाईला देताना ‘चित्र आडवे उलटवू नये’ अशी लेखी सूचना द्यावी.

दुसरी अडचण साडीची. आपल्याकडे पदर डाव्या खांद्यावरून मागे जातो, म्हणजे पदके नेमकी पदरावरच येतात. एका पट्टीवर बसवलेली चार-पाच पदके चांगलीच जड असतात. रेशमी पदरावर ती थेट टाचली, तर कापड खाली ओढले जाते, पट्टी तिरपी होते आणि साडीला भोके पडतात. यावर सोपा उपाय आहे. पदराच्या निऱ्या घालून त्या आधी खांद्यावर ब्लाउजला पिनेने पक्क्या कराव्यात. नंतर पदराच्या आतल्या बाजूने, ब्लाउजच्या वर, जाड सुती कापडाची दुहेरी पट्टी ठेवून पदकांची पिन पदर आणि ही पट्टी अशा दोन्हींतून घालावी. भार पट्टीवर जातो, पदर सपाट राहतो आणि पदके जमिनीला समांतर दिसतात. हे काम त्यांच्या घरातल्या स्त्रीने किंवा आपल्या महिला सहकाऱ्याने करावे. ज्यांना साडीवर पदके नको वाटतात, त्यांना बंद गळ्याचे जाकीट किंवा ब्लेझर सुचवावा. कशात बसायचे, हे शेवटी त्यांनीच ठरवावे.

पदके कोणाची आहेत, हे नम्रपणे तपासून घ्यावे. पती-पत्नी दोघेही सैन्यात असलेल्या घरात पदके एकाच डब्यात ठेवलेली असतात आणि वर्षानुवर्षांनंतर त्यांची सरमिसळ झालेली असते. पदकाच्या कडेवर बहुधा क्रमांक आणि नाव कोरलेले असते, ते भिंगाखाली वाचावे. घरातल्या कोणी उत्साहाने पितांबरी किंवा चिंच घेऊन पदके घासायला घेतली, तर त्यांना थांबवावे. घासण्याने ही कोरीव अक्षरे झिजतात, आणि सेवेत काळवंडलेले पदक चित्रात चकचकीत पदकापेक्षा खरेही दिसते. मऊ, कोरड्या कापडाने धूळ पुसली की पुरे. पदकांचा क्रम लावताना अधिक मानाचे पदक छातीच्या मध्याकडे येते. जुनी रचना पट्टीवर तशीच शिवलेली असेल, तर तिला हात लावू नये.

गणवेशाबाबत माझे मत ठाम आहे: नको. निवृत्तीनंतर गणवेश कधी घालावा, याचे सैन्याचे स्वतःचे नियम आहेत. नाटकांच्या कपडेपटातून आणलेला भाड्याचा गणवेश तर चित्राला सरळ खोटे करतो. तिचा स्वतःचा जुना गणवेश जपून ठेवलेला असेल, तर तो मांडीवर घडी घालून किंवा शेजारी हँगरवर ठेवता येतो. आज तो अंगाला होत नाही, हेसुद्धा चित्राचा भाग आहे.

सोलापूरचा उजेड

आपल्या शहरात उजेडाची कमतरता कधीच नसते, अडचण असते ती त्याच्या प्रखरतेची. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना ज्येष्ठ स्त्रीला चित्रीकरणासाठी बसवणे अयोग्य आहे, आणि दहानंतरचे ऊन पांढऱ्याशुभ्र फरशीवरून उसळून हनुवटीखाली विचित्र उजेड पाडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. दुसरा चांगला काळ कमी लोकांच्या लक्षात येतो. आपण पर्जन्यछायेत आहोत, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये कित्येक दिवस आभाळ भरून येते आणि पाऊस मात्र पडत नाही. शेतकऱ्याच्या जिवाला घोर लावणारे हे ढग छायाचित्रकाराला दिवसभर मऊ, सावलीविरहित प्रकाश देतात.

घरात उत्तरेकडची खिडकी मिळाल्यास तिच्यापासून तीन-चार फुटांवर, खिडकीला थोडी तिरपी खुर्ची ठेवावी. खिडकी पूर्वेची किंवा पश्चिमेची असेल आणि ऊन थेट आत येत असेल, तर तिच्यावर मांजरपाटाचे एकेरी कापड ताणून लावावे. खोलीतली ट्यूब आणि एलईडी दिवे बंद करावेत, नाहीतर चेहऱ्याची एक बाजू एका रंगाची आणि दुसरी दुसऱ्याच रंगाची येते. ऑइल पेंटने रंगवलेल्या निळ्या-हिरव्या भिंती जुन्या घरांत अजून दिसतात. त्यांच्यावरून परतणारा उजेड गालावर रंगाची झाक आणतो, म्हणून त्या बाजूला पांढरी कार्डशीट उभी करावी. कार्डशीट नसेल, तर सोलापूरचा पांढरा टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकूनही काम भागते, फक्त तो नीळ दिलेला नसावा.

पांढऱ्या केसांसाठी मागची बाजू गडद हवी. साधी, एकरंगी सुती चादर किंवा जाडसर पडदा खुर्चीच्या मागे चार-पाच फुटांवर लावावा. सोलापुरी चादरीचा मोह अनेकांना होतो आणि तो समजण्याजोगा आहे, पण तिच्यावरची जॅकार्डची नक्षी चेहऱ्याशी आणि पदकांशी भांडते. ती हवीच असेल, तर घडी घालून गुडघ्यांवर असू द्यावी. पंखा पूर्ण सत्रभर बंद ठेवण्याचा अट्टहास नको. बोलताना चालू आणि टिपताना काही क्षण बंद, एवढे पुरते.

कॅमेऱ्याची मांडणी

फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटर आणि लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स पुरेशी आहे. ॲपर्चर फार मोठे उघडू नये. ८५ मिलिमीटरच्या लेन्सने दोन मीटरवरून एफ/२ वर टिपल्यास स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम सहा-सात सेंटिमीटर असते, त्यामुळे डोळे स्पष्ट आले की पदके धूसर होतात. एफ/५.६ वर हीच खोली सुमारे अठरा सेंटिमीटर होते आणि डोळे, पदके, मांडीवरचे हात यांतले बहुतेक सामावते. शटर १/१६० सेकंदापेक्षा मंद नको, कारण उतारवयात हातांना आणि मानेला किंचित कंप असतो. त्यासाठी आयएसओ ८०० किंवा १६०० पर्यंत वाढवावा लागला, तरी हरकत नाही. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या, स्वरूपात घ्यावी. पांढरे केस, पांढरी साडी आणि पदकांची चमक उडून जाऊ नये म्हणून एक्सपोजर थोडे कमी ठेवावे आणि हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, पाहावा.

मोबाइलवर काम करणाऱ्यांनी दोनपट किंवा तीनपट लेन्स वापरावी, जवळ जाऊन नेहमीच्या लेन्सने टिपू नये, नाक मोठे दिसते. पोर्ट्रेट मोड आणि सौंदर्य फिल्टर दोन्ही बंद करावेत. पहिला मोड चष्म्याची काडी आणि भुरभुरते केस खातो, दुसरा सुरकुत्या.

कॅमेऱ्याची उंची महत्त्वाची आहे. बसलेल्या वृद्ध स्त्रीचे चित्र उभ्याने टिपले, की ती लहान आणि केविलवाणी दिसते. वृद्धांची बहुतेक छायाचित्रे अशीच वरून काढलेली असतात. स्टुलावर बसावे आणि लेन्स त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला किंवा दोन बोटे खाली ठेवावी.

प्रत्यक्ष बैठक

हाताच्या, घट्ट बैठकीची खुर्ची निवडावी. सोफ्यात माणूस रुततो आणि पदराचा डौल जातो. पाय अधांतरी राहत असतील, तर खाली पाट द्यावा. उभ्याने दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबवू नये. जेवणाच्या, औषधांच्या आणि दुपारच्या झोपेच्या वेळा सांभाळून एकूण सत्र तासा-दीड तासाचे असावे. श्रवणयंत्र, चष्मा, काठी जसे रोज असते तसेच राहू द्यावे. चष्म्यावर खिडकीचे प्रतिबिंब येत असेल, तर खुर्ची थोडी फिरवावी किंवा चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित वर उचलाव्यात, म्हणजे काचा खाली झुकतात आणि चमक निघून जाते.

‘हसा’ म्हणू नये. ‘सॅल्यूट करून दाखवा’ असे तर मुळीच म्हणू नये. सलामीला सैन्यात प्रसंग आणि शिस्त असते, आणि डोक्यावर टोपी नसताना कॅमेऱ्यासाठी हात कपाळाला नेणे अनेक निवृत्त अधिकाऱ्यांना मनापासून खटकते. त्याऐवजी पहिल्या भेटीत ऐकलेल्या एखाद्या कामाचा धागा पुन्हा काढावा. वॉर्डात सकाळच्या राउंडला सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेब येण्याआधी सिस्टर कशा उभ्या राहत, हे विचारले, की पाठ आपोआप सरळ होते, खांदे मागे जातात आणि नजर समोर स्थिरावते. तो क्षण टिपण्यासाठी बोट आधीच बटणावर हवे. यानंतर हातांची वेगळी छायाचित्रे घ्यावीत. नाडी मोजताना मनगटावर ठेवलेली तीन बोटे, सांध्यांशी वाकलेली असली, तरी त्यांची जागा चुकत नाही. माझ्या मते संपूर्ण मालिकेत चेहऱ्याच्या खालोखाल मोलाचे चित्र हे आहे.

तीन चित्रांचा संच प्रत्येकीसाठी पुरेसा होतो: कमरेपर्यंतचे व्यक्तिचित्र, हातांचे जवळून घेतलेले चित्र आणि त्यांच्या घरातले किंवा अंगणातले एक सैल चित्र. बाहेर जायचे झाल्यास सकाळी लवकर, कमी चालावे लागेल अशा ठिकाणी जावे. सिद्धेश्वर तलावाचा काठ किंवा रेल्वे लाइन्समधल्या जुन्या झाडांची सावली चालते. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोर उभे करण्याची सूचना कोणीतरी करतेच. पण १९३१ च्या जानेवारीत फाशी गेलेल्या त्या चौघांच्या इतिहासाचा या स्त्रीच्या सेवेशी थेट संबंध नाही, आणि तिला तिथे उभे केल्याने दोन्ही गोष्टी नुसत्या देशभक्तीच्या सजावटीत जमा होतात. संबंधच जोडायचा असेल, तर तो डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याशी जुळतो. सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये युद्धग्रस्त चीनमध्ये जखमींच्या सेवेसाठी गेला आणि १९४२ मध्ये तिथेच वारला. एखाद्या निवृत्त लष्करी परिचारिकेला त्यांच्या स्मारकात जाण्याची इच्छा असेल, तर रीतसर परवानगी काढून जावे.

जुनी छायाचित्रे आणि कागदपत्रे

बहुतेक घरांत प्रशिक्षणाच्या वेळचा एक समूहफोटो असतो. काळ्या पानांच्या अल्बममध्ये चिकटलेले फोटो ओढून काढू नयेत, पानासकट टिपावेत. सुटे फोटो स्कॅनरवर ६०० डीपीआयने घ्यावेत, म्हणजे चार बाय सहा इंचांचा फोटो आठ बाय बारापर्यंत व्यवस्थित छापता येतो. मागच्या बाजूचा स्टुडिओचा शिक्का आणि हस्ताक्षरही स्कॅन करावे, कारण बरेचदा तारीख तिथेच सापडते. फोटो घरी घेऊन जाऊ नयेत, स्कॅनर त्यांच्याकडे न्यावा.

सेवेची कागदपत्रे पाहून हुद्दा, शाखा आणि वर्षे पडताळावीत, परंतु त्यांचे छायाचित्र घेऊ नये. सेवा क्रमांक, निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा (पीपीओ) क्रमांक, आधार आणि बँकेचे तपशील चित्रात आल्यास ज्येष्ठ नागरिकांची फसवणूक करणाऱ्यांना आयते साधन मिळते. पदकाच्या कडेवरचा क्रमांकही जवळच्या चित्रात वाचता येणार नाही, असा कोन घ्यावा.

निवड, संस्करण आणि मजकूर

सुरकुत्या, तीळ, शस्त्रक्रियेचा व्रण काढू नये. त्या दिवशीची पुटकुळी काढायला हरकत नाही. त्वचेचा रंग उजळ करण्याची स्टुडिओंमधली सवय इथे पूर्णपणे सोडावी. कृष्णधवल करण्याचा मोह होतो, पण पदकांच्या फितींचे रंग हीच त्यांची ओळख आहे आणि रंग गेले की माहितीही गेली. अंतिम निवड त्यांना दाखवून, त्यांच्या पसंतीनेच करावी. दोन चित्रांवर मतभेद झाला, तर त्यांचे ऐकावे.

मजकुरात हुद्दा नावाआधी आणि ‘निवृत्त’ नावानंतर लिहावे: ‘मेजर अबक (निवृत्त), लष्करी परिचर्या सेवा’. सैन्याच्या रीतीप्रमाणे हुद्दा निवृत्त होत नाही, व्यक्ती होते. त्यानंतर सेवेची वर्षे, मुख्य रुग्णालये, युद्धकाळातील सेवा आणि त्यांच्याच तोंडचे एक वाक्य, एवढेच असावे. पतीचा हुद्दा, मुलांचे परदेशातले शिक्षण आणि नातवंडांची संख्या त्यात नको. मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा, कारण ठिकाणांची नावे आणि वर्षे त्यांच्याच कानाला खटकतात.

छपाई आणि प्रदर्शन

चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र सोळा बाय चोवीस इंचांवर २५० पीपीआयने छापले जाते आणि भिंतीवर ते उत्तम दिसते. कागद मॅट घ्यावा, चकचकीत कागदावर सभागृहाचे दिवे दिसतात. खर्च वाचवण्यासाठी चौकात लावतात तसल्या डिजिटल फलकावर ही चित्रे छापू नयेत. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या शेजारी ती त्याच रांगेत जाऊन बसतात, शिवाय उन्हात रंग लवकर उडतात. चित्रे बसून पाहणाऱ्याच्याही नजरेला येतील, अशा उंचीवर टांगावीत आणि मजकुराची अक्षरे मोठी असावीत. ज्यांची चित्रे आहेत, त्यांना जिना चढावा लागणार नाही, असे सभागृह निवडावे.

तारीख ठरवताना १४ जानेवारीचा माजी सैनिक दिन आणि १५ जानेवारीचा सेना दिन आधी सुचतात, पण तेव्हा सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरलेली असते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे रस्ते बंद असतात आणि ऐंशी वर्षांच्या पाहुण्यांना रिक्षा मिळणे कठीण होते. १ ऑक्टोबर हा परिचर्या सेवेचा स्थापना दिन असला, तरी तो पितृपक्षात किंवा नवरात्राच्या धामधुमीत सापडण्याचा संभव असतो. १२ मेचा परिचारिका दिन उन्हामुळे बाद. उरतो डिसेंबर: ७ तारखेचा सशस्त्र सेना ध्वज दिन ते १६ तारखेचा विजय दिवस हा कालावधी सोलापूरसाठी सर्वांत सोयीचा आहे, हवाही चांगली असते.

उद्घाटनाला प्रत्येकीसाठी स्वतंत्र वाहन पाठवावे आणि फीत त्यांच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ स्त्रीच्या हातून कापावी. राजकीय पाहुण्यांची भाषणे लांबतात, याची जाणीव ठेवून त्यांची संख्या मर्यादित ठेवावी. प्रदर्शन संपल्यावर चौकटीसह मूळ छपाई त्या-त्या स्त्रीच्या घरी पोचवावी आणि फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर द्यावी. छपाईच्या मागे पेन्सिलीने नाव, हुद्दा, सेवेची वर्षे, चित्र काढल्याची तारीख आणि ठिकाण लिहावे. शाई कालांतराने पुढच्या बाजूला उमटते, पेन्सिल उमटत नाही.